मूर्ती हलत नाही

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी बोलायची भीती वाटत नाही. शाळेत वाटायची. तुमची शिट्टी जिन्यात वाजली की वर्गातल्या भिंतीसुद्धा ताठ उभ्या राहतात, असं आम्ही म्हणायचो. आज सकाळपासून माझे खांदे ठणकताहेत, तळहातांना फोड आलेत, मान डावीकडे वळत नाही, आणि मी इतकी खूश आहे की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. नवऱ्याला सांगून उपयोग नाही, तो काल संध्याकाळी पहिल्या रांगेत बसून सगळं बघतच होता. सांगायला हवं ते तुम्हाला. म्हणून लिहायला बसले आहे. बसले आहे हे माझ्या बाबतीत वेगळं सांगायला नको म्हणा.

मी तुमची देवी. शनिवार पेठेतल्या आपल्या शाळेतली, पोलिओची, पायांत कॅलिपर आणि काखेत कुबड्या असलेली. तुम्ही पीटी शिकवायचात आणि गॅदरिंगचे नाच बसवायचात. तुम्ही यायच्या आधी गॅदरिंगला माझं काम ठरलेलं होतं, विंगेमागे बसून नाचणाऱ्या मुलींच्या चपला आणि डबे सांभाळायचे. मी पाचवीत असताना तुम्ही शाळेत आलात, मला त्या चपलांच्या ढिगाशेजारी पाहिलंत आणि विचारलंत, "ही का इथे?" कुणीतरी म्हणालं, "बाई, तिला नाचता येत नाही." तुम्ही म्हणालात, "नाचता यांनाही येत नाही. तरी उड्या मारताहेतच ना." आणि त्या वर्षी मी सरस्वती झाले. स्टेजच्या मधोमध चौरंग, चौरंगावर मी, हातात पुठ्ठ्याची वीणा, डोक्यावर बेगडी मुकुट आणि भोवती फेर धरून सगळा वर्ग. साडी तुम्ही स्वतः नेसवायचात, आणि निऱ्या अशा पसरवायचात की खालचं लोखंड कुणाच्या नजरेला पडू नये. मग "टाक गळ्यात हात" म्हणून मला उचलायचात. तुमच्या अंगाला खडूचा आणि कापराचा वास यायचा. पुढे लक्ष्मी झाले, भारतमाता झाले, अन्नपूर्णा झाले. एका वर्षी तुम्हाला काही सुचेना तर मी नुसतीच 'देवी' होते. आई दरवर्षी रडायची आणि आळीत सगळ्यांना सांगत सुटायची. चपलांपाशी बसणाऱ्या मुलीला हे केवढं वाटलं असेल, ते मी विसरलेले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तुमच्यावर चिडणार आहे.

देवीचं एक बरं असतं, मधोमध बसून तिला सगळं दिसतं. तालमी चालायच्या तेव्हा मला एकेकीची पावलं पाठ व्हायची. कोण कुठे चुकणार, कुणाचा हात आधी सुटणार, कोण ठेका सोडून गप्पा मारत राहणार, सगळं. घरी गेले की पलंगावर बसून मी अख्खा नाच करायचे, पाय वगळून. असं करता करता नववी आली. मी पुन्हा लक्ष्मी आहे. शेवटच्या कडव्याला ढोलकीवाला लय वाढवतो आणि माझे खांदे मला न विचारता सुरू होतात. आशीर्वादासाठी वर धरलेला हात मनगटातून वळतो, मान डोलायला लागते, कमरेच्या वरचं सगळं अंग ठेक्यात येतं. पुठ्ठ्याचं कमळ मांडीवरून घसरून खाली पडतं. समोर हशा पिकतो. तरी मी थांबत नाही. मग निऱ्या सरकतात आणि कॅलिपरच्या पट्ट्या दिव्यांच्या उजेडात चमकतात. आणखी मोठा हशा.

पडदा पडल्यावर तुम्ही मला रंगपटात नेलंत, म्हणजे बाकं भिंतीला लावलेल्या पाचवीच्या वर्गात, आणि दार लोटून घेतलंत. "मूर्ती हलत नाही," तुम्ही म्हणालात. "एवढी साधी गोष्ट. मूर्ती हलत नाही." मी म्हणाले, "पण बाई, मला नाचावंसं वाटलं." तुम्ही ओल्या फडक्याने माझ्या कपाळावरचं कुंकू पुसत होतात, जरा जोरातच. "हललीस की लोक तुझ्या पायांकडे बघतात. हसले ते ऐकलंस ना? स्वस्थ बसलीस की तुझ्याकडे बघतात. काय हवंय तुला?" काय हवं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं, पण तुमच्या आवाजात उत्तराला जागा नव्हती. दहावीत मी पुन्हा देवी झाले आणि पापणीसुद्धा लवू दिली नाही. तुम्ही विंगेतून मान हलवून शाबासकी दिलीत. निरोपसमारंभाच्या दिवशी तो मुकुट माझ्या हातात ठेवलात आणि म्हणालात, "घेऊन जा. दुसऱ्या कुणाच्या डोक्याला बसायचा नाही." कुबडीच्या मुठीला अडकवून मी तो घरी नेला.

न हलणं मला इतकं छान जमलं, बाई, की पुढची सगळी वर्षं मी तेच केलं. विम्याच्या कचेरीत नोकरी लागली, लग्न झालं, आणि सगळीकडे मी नीटनेटकी, हसतमुख, एका जागी. वरातीत सगळे नाचायचे आणि मला कोपऱ्यात खुर्ची देऊन माझ्या मांडीवर पर्सा ठेवायचे, म्हणजे फिरून चपलाच. विसर्जनाच्या मिरवणुकीत ताशा कडकडायला लागला की मी हातांची घडी घालायचे, घट्ट, न जाणो खांदे सुटतील. तुम्ही गेल्याचं मी पेपरात वाचलं तेव्हा कचेरीतच होते. डोळे भरून आले आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की आपण पाठ ताठ करून, हनुवटी किंचित वर धरून बसलोय. तुम्ही शिकवलेलं बसणं. रडतानासुद्धा मी देवीच होते.

पन्नाशीकडे झुकताना खांदे थकले, कुबड्या सुटल्या आणि व्हीलचेअर आली. नातेवाईक हळहळायला भेटायला आले. मी त्यांच्यासमोर चेहरा पाडून बसायचे, पण खरं सांगायचं तर खुर्ची आली त्या दिवशी मी पॅसेजमध्ये चाकांना एक जोरदार रेटा दिला आणि थेट स्वयंपाकघरापर्यंत गेले. एका दमात एवढं अंतर मी जन्मात कधी कापलं नव्हतं. मग आम्ही पेठ सोडून वाघोलीला लिफ्टवाल्या सोसायटीत राहायला आलो. इथे टॉवर आहेत, क्लबहाउस आहे आणि क्लबहाउसला रॅम्पसुद्धा आहे, जो वर जाऊन एका पायरीपाशी संपतो. बांधणाऱ्याला शेवटी कंटाळा आला असावा. तिथे सकाळी, घरोघरचे डबे रवाना झाले की, बायकांचा डान्स फिटनेसचा क्लास भरतो. डॉक्टरांनी खांद्यांना व्यायाम सांगितला होता म्हणून मी विचारायला गेले आणि दाराशी थांबून बघत राहिले. घरी नवरा म्हणाला होता, "जा की. फक्त ब्रेक लावायला विसरू नकोस, तिथे भिंतभर आरसा आहे."

शिकवणारी मुलगी यवतमाळकडची. नवरा इथे आयटीत, ही नाच शिकवते, आणि बोलताना कुणाची भीडभाड ठेवत नाही. दोन दिवस तिने मला दाराशी पाहिलं. तिसऱ्या दिवशी गाणं बंद करून सरळ माझ्यासमोर आली. "मॅडम, तुम्ही काय पाहून राहिल्या? पाहायले बोलावलं का मी?" मी म्हणाले, "मला जमेल तेवढं मी इथूनच करीन." "इथून काहून? आत जागा नाही का?" आणि चार बायकांना हाताशी घेऊन तिने मला त्या पायरीवरून आत घेतलं. मग हळूच म्हणाली, "चेअरवरचं मले बी येत नाही. आपण दोघी मिळून शिकू." पुढे मला कळलं की ती घरी ओढणीने स्वतःचे पाय प्लॅस्टिकच्या खुर्चीला बांधून स्टेप्स बसवत होती. दोनदा खुर्चीसकट पडली. बाई, माझ्यासाठी कुणी असं पडेल, हे मला माहीतच नव्हतं.

तिने बसवलं ते असं. दोन्ही चाकं एकदम ढकलली की पुढे, खेचली की मागे. एक चाक पुढे आणि दुसरं मागे केलं की जागच्या जागी गिरकी. चाकांवरून हात सुटले की खांदे, कोपर, मनगटं, मान. पहिला महिनाभर माझा ठेका बरोबर असायचा आणि चाकं भलतीकडे. एकदा मी गिरकी घेत थेट पाण्याच्या बाटल्यांत घुसले. आणि आरसा! एवढ्या मोठ्या आरशात मी स्वतःला कधी हलताना पाहिलं नव्हतं. सुरुवातीला मी नजर टाळायचे. मग एकदा गाणं असं काही रंगलं की टाळायचं विसरले, आणि समोर एक घामाघूम, लालबुंद, दात काढून हसणारी बाई दिसली. मला ती फार आवडली. एके दिवशी त्या मुलीने सगळ्यांनाच खुर्च्यांवर बसवून माझा नाच करायला लावला. अर्ध्या गाण्यात बायका धापा टाकायला लागल्या. "अगं, खांदे गेले माझे," म्हणत होत्या. मी मुद्दाम थांबले नाही.

आता वहिनींबद्दल. वहिनी म्हणजे आमच्या महिला मंडळाच्या प्रमुख. ही सोसायटी जिच्यावर उभी आहे ती जमीन त्यांच्या घरची, त्यामुळे इथलं पान त्यांच्याशिवाय हलत नाही. मनाने मोठ्या, आवाजानेही मोठ्या, क्लासला नियमित आणि गुडघे दुखतात हे कुणाला कळू न देणाऱ्या. गणपतीत आमच्या क्लासने स्टेजवर नाच करायचं ठरलं, तेव्हा त्या मायेने माझ्याजवळ आल्या, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ताई, तुमी मधी बसा. देवी. आमी समद्या भवती फेर धरतो. लई झ्याक दिसताल!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि बाई, काय सांगू, माझी पाठ ताठ झाली. हनुवटी वर गेली. उजवा हात मांडीवरून उठून आशीर्वादाला उभा राहिला. कुणी सांगितलं नव्हतं. मी मानेने होकार दिला, घरी आले आणि न जेवता खिडकीशी बसून राहिले.

नवऱ्याने ताट झाकून ठेवलं आणि म्हणाला, "तुला जे म्हणायचंय ते मला ऐकवून काय होणार? तिथे जाऊन म्हण." मला तर तुम्हाला ऐकवायचं होतं. वाटत होतं, पुन्हा नाही म्हणायचं राहिलं तर आता म्हणायला आयुष्य किती उरलंय? आरशातली ती लालबुंद बाई पुन्हा कधी दिसणार नाही. दुसऱ्या दिवशी क्लास सुरू व्हायच्या आधी मी म्हणाले, "मी मध्ये बसणार नाही. मी रांगेत नाचणार." वहिनींचा चेहरा उतरला. "अवो, मान द्येत व्हतो तुमाला." मी म्हणाले, "मान राहू दे वहिनी. मला रांगेत जागा द्या." त्या जवळ आल्या, आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, रागावू नका. पर तितं पाव्हनंरावळं येत्यात. लोक म्हनतील, बघा, आजारी बाईला नाचवली. तुमच्या पायांकडं बघतील वो. मला नाय सोसायचं."

मी तिथे त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. तुमचंच वाक्य, बाई, वाघोलीच्या बोलीत. आणि वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं. रंगपटात तुमच्या डोळ्यांकडे मी बघितलं नव्हतं, खाली मान घालून कुंकू पुसून घेत होते. तिथेही असेल कदाचित. तुम्हाला माझी लाज वाटत नव्हती, तुम्हाला माझ्यासाठी भीती वाटत होती, हे मला या वयात, क्लबहाउसमध्ये कळलं. तरीही तुमचं चुकलं. हे मी शांतपणे आणि पूर्ण विचार करून लिहिते आहे. तुमची भीती तुम्ही माझ्या अंगावर साडीसारखी नेसवलीत आणि ती उतरवायला मला फार उशीर झाला. वहिनींना मी एवढंच म्हणाले, "बघू देत. मला सोसेल."

आता अडचण अशी की नाच देवीभोवतीचा ठरलेला आणि देवीच रांगेत पळाली. चौरंगावर कोण बसणार? "कोन बसल नुसतं?" असं प्रत्येकीचं म्हणणं. तेवढ्यात ती यवतमाळची म्हणाली, "जे दमली तिनं बसायचं. कडवं बदललं का देवी बदलली." झालं! पहिल्याच तालमीला देवी व्हायला रांग लागली. कुणाची कंबर, कुणाची टाच, कुणाचा रात्रभर झोपू न देणारा नातू. जिला जिन्यात दम लागतो तिने दोन कडवी मागून घेतली. मी घरी जाऊन नवऱ्याला कपाटावरून तुमचा मुकुट काढायला लावला, नवी बेगड चिकटवली. तो एकजात सगळ्यांच्या डोक्याला बसला, बाई. तुमचा तोही अंदाज चुकला. फक्त वहिनी काही चौरंगाकडे फिरकेनात. "मला काय झालंय?" म्हणायच्या आणि गिरकीला ओठ चावायच्या. शेवटी मीच म्हणाले, "वहिनी, शेवटचं कडवं तुमचं. मानाचं आहे." मग बसल्या.

काल संध्याकाळी मंडप भरला होता. स्टेजला मंडपवाल्याने फळ्या टाकून दिल्या होत्या, जरा उभ्याच, पण चढले. सगळ्यांना शिवलेल्या नऊवाऱ्या, हिरव्या, आणि मलाही. चाकात पदर जायला नको म्हणून आखूड, काष्ट्याची, पोटऱ्या उघड्या टाकणारी. माझे काटकुळे पाय आणि त्यांत लाल बूट, पायटेकणीवर पट्ट्याने बांधलेले. पडदा वर गेला तेव्हा लोकांनी माझ्या पायांकडे बघितलं. तुमचं बरोबर होतं, सगळ्यांनी आधी तिथेच बघितलं. पुढच्या एका पोरीने तर बोट दाखवलं. मग ढोलकी सुरू झाली, आणि त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग चाकांकडे. मग मी गिरकी घेतली, तेव्हा मंडपातून अशी आरोळी उठली की मला पुढचा ठेका ऐकूच आला नाही. पण माझा तो पाठ होता. मला सगळ्यांचेच पाठ होते. शेजारची चुकली तेव्हा मी नाचता नाचता तिला "डावा, डावा" असं सांगत होते.

शेवटचं कडवं आलं. वहिनी चौरंगावर, मुकुट घालून, हात आशीर्वादाला, आमचा फेर भोवती. ढोलकीवाल्याने लय वाढवली, आणि मी समोरून जात असताना बघते तर वहिनींचे खांदे सुरू. आधी डावा, मग दोन्ही, मग मान. आणि कसं झालं कळलं नाही, माझ्या तोंडून निघालं, माईकजवळ, अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल असं, "मूर्ती हलत नाही!" मंडप हसून लोळायचा बाकी राहिला. वहिनी मुकुट सावरत ओरडल्या, "हालनार! काय करायचं ते करा!" आणि गुडघे विसरून खाली उतरल्या, माझ्या खुर्चीचा दांडा धरला आणि आम्ही दोघींनी मिळून अशी गिरकी घेतली की मुकुट उडून पहिल्या रांगेत माझ्या नवऱ्याच्या मांडीवर पडला. गाणं संपलं तेव्हा चौरंग रिकामा होता आणि सगळ्या जणी खाली होत्या. मी रडत होते. पाठ वाकवून, तोंड वेडंवाकडं करून, हमसून हमसून. कुणाला काय दिसत होतं, मला पर्वा नव्हती.

हे कागद कुठे धाडायचे ते मला माहीत नाही आणि शोधणारही नाही. मुकुटाच्या डब्यात ठेवले असते, पण मुकुट वहिनी घेऊन गेल्या, पुढच्या वर्षीही शेवटचं कडवं त्यांचंच आहे म्हणे. एक मात्र तुम्हाला सांगायला हवं, कारण दुसऱ्या कुणाला त्यातलं कळणार नाही. काल ते वाक्य ओरडले तेव्हा माझा आवाज हुबेहूब तुमच्यासारखा लागला. तीच धार, तोच जोर, शेवटी तोच झटका. आणि मला ते आवडलं. इतकं आवडलं की आज सकाळी दात घासता घासता आरशासमोर मी ते पुन्हा म्हणून पाहिलं. शिट्टी हाताशी असती तर बाई, तीसुद्धा वाजवली असती.